डॉ. पंजाबरावांची नागपुरातील तीन वर्षे

दरवर्षी डिसेंबरची २७ तारीख उजाडली म्हणजे आपल्या चांदूर रेल्वेत व आसपासच्या गावांत डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या तसबिरीस हार घातले जातात. शाळांतून मुले भाषणे करितात, पाहुणे येतात, आणि दोन गोष्टी न चुकता सांगितल्या जातात; एक श्री शिवाजी शिक्षण संस्थेची व दुसरी दिल्लीतील कृषिमंत्रिपदाची. दोन्ही खऱ्या आहेत, आणि त्या सांगू नयेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परंतु १९३० ते १९३३ या सालांत पंजाबराव नागपूर येथे मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचे मंत्री होते, व त्याच्या थोडे आधी अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होते, हा भाग वक्ते एका वाक्यात उरकून टाकतात. आम्ही सारी हयात महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो. कास्तकाराने काय भरले, काय थकविले आणि का थकविले, याच्याच नोंदी आम्ही केल्या. त्या सवयीमुळे असेल, परंतु आम्हांस पंजाबरावांच्या दिल्लीतील मोठ्या पदापेक्षा हे नागपुरातील अपुरे पदच अधिक विचार करण्याजोगे वाटते. त्याविषयी चार गोष्टी वाचकांपुढे मांडाव्या, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी पापळ येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. हे गाव हल्ली नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मोडते; नांदगाव खंडेश्वर पूर्वी चांदूर तालुक्यातच होते. त्यांचे काही शिक्षण चांदूरच्या शाळेत, काही कारंजास व पुढचे अमरावतीच्या हिंदू हायस्कुलात झाले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून ते विलायतेस गेले. एडिंबरो येथे एम. ए. झाले, बॅरिस्टरीची परीक्षा दिली, आणि ऑक्सफर्ड येथे वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. १९२६ साली ते परत आले. कास्तकाराच्या मुलाने वेदांवर प्रबंध लिहावा ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. अमरावतीस वकिलीची पाटी लावून बंगल्यात सुखाने राहण्यास एवढ्या पदव्या पुरेशा होत्या. परंतु त्यांनी वसतिगृह काढले, शेतकरी संघाच्या कामाला हात घातला, आणि अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बंधूंना खुले व्हावे म्हणून जी चळवळ झाली तिच्यातही ते पडले. हे सर्व दोन वर्षांत.

१९२८ साली ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आजच्या जिल्हा परिषदेचे ते पूर्वरूप. शाळा, रस्ते, दवाखाने, विहिरी ही तिची कामे, आणि मिळकत म्हणाल तर सरकारी अनुदान व जमीन महसुलावर बसणारा उपकर. पंजाबरावांनी दोन गोष्टी केल्या. सार्वजनिक विहिरी सर्व जातींना खुल्या करविल्या. व खेड्यातील प्राथमिक शिक्षण वाढावे, ते सक्तीचे व मोफत व्हावे, यासाठी कर वाढविला.

या दुसऱ्या गोष्टीपाशी आम्ही वाचकांस जरा थांबवतो. विहिरींची गोष्ट भाषणांत येते, आणि ती यावी. कराची गोष्ट येत नाही, कारण कर वाढविल्याबद्दल कोणाचा जयजयकार करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. परंतु ज्याने वसुलीचे काम जवळून पाहिले आहे त्याला विचारावे. उपकर वाढला म्हणजे काय होते? महसूल ठरलेला असतो, त्याची घराला सवय झालेली असते. उपकराचा आकडा वाढला की पावती हातात घेऊन कास्तकार पहिल्यांदा तीच रकम बोटाने दाखवितो व विचारतो, "हे कशाचे?" हा प्रश्न आम्हांस आमच्या नोकरीत कितीदा विचारण्यात आला असेल याची गणती नाही. महसुलाच्या पावतीवर जिल्हा परिषदेचा व ग्रामपंचायतीचा असे उपकर असतात. ते कशासाठी आहेत हे नीट सांगता येईल असा कारकूनही विरळा आणि ऐकून घेईल असा खातेदारही विरळा. आता असे पहा, की ज्या कास्तकारांच्या मतांवर पंजाबराव निवडून आले त्यांच्याच पावतीवर त्यांनी हा आकडा वाढविला, आणि तो का वाढविला हे सांगण्यासही ते त्यांच्याच पुढे गेले. तुमच्या पोराला शाळा पाहिजे, शाळेला मास्तर पाहिजे, मास्तराला पगार पाहिजे, व तो पगार तुमच्या वावरातून यावयाचा आहे, असा तो सरळ हिशेब होता. आणि त्यानंतर दोन वर्षांनी, १९३० साली, ते कायदे कौन्सिलात निवडून आले. कर वाढविणारा मनुष्य निवडणुकीत पडतोच असे जे हल्लीचे पुढारी आपणांस डोळे मिचकावून सांगतात, त्यांस वऱ्हाडातील हे उदाहरण दाखविण्याजोगे आहे.

आता मंत्रिपदाविषयी. येथे त्या वेळची राज्यव्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे, नाहीतर त्या मंत्र्याकडून नको त्या अपेक्षा केल्या जातात, किंवा नको ते श्रेयही त्यास दिले जाते. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली होती. खात्यांचे दोन भाग पाडले होते. शिक्षण, शेती, सहकार, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती. ती लोकनियुक्त सभासदांतून घेतलेल्या मंत्र्यांकडे असत. जमीन महसूल, जमाबंदी, पोलीस, न्याय, व मुख्य म्हणजे तिजोरी, ही राखीव खाती. ती गव्हर्नर आपल्या कौन्सिलरांमार्फत चालवी. म्हणजे शेतीचा मंत्री होता, परंतु शेतावरचा सारा किती घ्यावा हे ठरविण्याचा त्यास अधिकार नव्हता. शाळा काढण्याचा अधिकार होता, परंतु पैशाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला होती. दोन बैलांचे औत, आणि एका बैलाच्या मानेवर जू, दुसऱ्याच्या पाठीवर मालक. असा तो प्रकार होता.

वऱ्हाडची स्थिती तर याहून चमत्कारिक होती. १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड निजामाकडून सालीना पंचवीस लाख रुपयांच्या कायम खंडाने इंग्रज सरकारकडे आले, व १९०३ साली मध्यप्रांतास जोडले गेले. परंतु कागदोपत्री मुलूख निजामाचाच राहिला. यास्तव वऱ्हाडातून जे सभासद मते मिळवून नागपूरच्या कौन्सिलात जात ते कायद्याच्या भाषेत सरकारनियुक्त समजले जात, व कौन्सिलाने केलेला कायदा वऱ्हाडास आपोआप लागू होत नसे, तो निराळ्या हुकुमाने लावावा लागे. कारकुनास अशा गोष्टींत गंमत वाटते. कास्तकारास वाटण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने अर्थ एवढाच की त्याच्या दारापर्यंत येणाऱ्या कोणत्याही सुधारणेला एक उंबरठा जास्त ओलांडावा लागे.

अशा अपुऱ्या अधिकाराचे पद घ्यावे की न घ्यावे, यावर त्या वेळी मोठा वाद होता, आणि तो वाद अजूनही कोठे कोठे निघतो. १९३० च्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद भागात जंगल सत्याग्रह केला. वऱ्हाडात ठिकठिकाणी लोक राखीव रानातील गवत कापून तुरुंगात जात होते. काँग्रेसने कौन्सिलांवर बहिष्कार पुकारला होता. त्याच साली पंजाबराव निवडणुकीस उभे राहिले, निवडून आले व मंत्री झाले. शिक्षण व शेती ही खाती त्यांच्याकडे आली. आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत; त्यांच्या वडिलांनी सत्याग्रहात शिक्षा भोगली होती. ते आम्हांस नेहमी म्हणतात, की भाऊ, आमचे वडील तुरुंगात चक्की पिसत होते तेव्हा तुमचे पंजाबराव गव्हर्नराच्या टेबलाशी बसले होते, हे विसरू नका. हे विसरण्याजोगे नाहीच, आणि त्यांच्या बोलण्यातील दुःख खोटे नाही. परंतु आम्हांस त्यांच्याशी सहमत होता येत नाही. सत्याग्रहात जे गेले त्यांनी स्वराज्य जवळ आणले. पण स्वराज्य येईतो चांदूर तालुक्यातील कास्तकारास सावकाराचा तगादा थांबवता येत नव्हता, आणि त्याच्या मुलाचे शाळेत जाण्याचे वयही थांबून राहणार नव्हते. दोन्ही कामे व्हावयास पाहिजे होती, व ती एकाच माणसाने करावयास पाहिजे होती असे नाही. मात्र पंजाबरावांनी त्या टेबलाशी बसून काहीच केले नसते, तर त्या वृद्ध गृहस्थांचे बोल आम्ही खाली मान घालून ऐकले असते. म्हणून त्यांनी काय केले हे पाहणे भाग आहे.

तो काळ कसा होता? १९२९ नंतर साऱ्या जगात मंदी आली. वऱ्हाड म्हणजे कापूस. चांदूरच्या स्टेशनावरून गाठी मुंबईस जात, आणि मुंबईचा भाव लिव्हरपूलच्या तारेवर ठरे. तो भाव दोन-तीन वर्षांत निम्म्यावर येऊन ठेपला. महसूल मात्र पूर्वीच्या जमाबंदीने ठरलेला, रोख रुपयांत द्यावयाचा, व कर्जही रोख रुपयांत घेतलेले. म्हणजे ज्या कर्जास पूर्वी एक गाडी कापूस लागे त्यास आता दोन गाड्या लागू लागल्या, आणि वावर तर तेवढेच. चांगल्या दिवसांत ज्यांनी लग्नासाठी, बैलासाठी किंवा शेजारचे वावर घेण्यासाठी कर्ज काढले, ते कोणताही नवा खर्च न करता दुप्पट कर्जबाजारी झाले. गहाणखते, मुदतखरेदी, धान्याची सवाई-दिडी या शब्दांचा अर्थ आमच्या वाचकांस सांगावयास नको. सहकारी पतपेढ्यांचीही तीच गत झाली. वसूल न आल्यामुळे पेढ्या जमिनी ताब्यात घेऊन बसल्या, आणि कर्ज देणारी संस्था स्वतःच जमीनदार होऊन बसली.

या परिस्थितीत १९३३ साली मध्यप्रांतात कर्ज लवादाचा कायदा झाला. हा कायदा मंजूर करून घेण्याचे श्रेय पंजाबरावांस दिले जाते. कोणताही कायदा एकट्याचा नसतो, आणि महसूल व न्याय ही खाती त्यांची नव्हती हे आम्ही वर सांगितलेच आहे; तरी मंत्रिमंडळात कास्तकाराच्या बाजूने या कामी जोर लावणारा माणूस तेच होते यात संशय नाही. पुढे दुसऱ्या प्रांतांनीही याच धर्तीचे कायदे केले.

या कायद्याची कामाची रीत समजून घेण्याजोगी आहे. सरकार एक मंडळ नेमी. कर्जदाराने वा सावकाराने त्यापुढे अर्ज करावयाचा. मग सर्व सावकारांस नोटीस जाई, व अमुक मुदतीत आपापले दस्त व हिशेब दाखल करा, न केल्यास तुमचे येणे बुडाले असे समजले जाईल, असे बजावले जाई. दोन्ही पक्ष समोरासमोर बसत. मुद्दल किती, व्याज किती, फेड किती झाली, जमीन किती, पीक किती येते, घरात खाणारी तोंडे किती, हे सर्व पाहून तडजोडीची रक्कम ठरे व तिचे सालोसाल हप्ते पडत. तडजोडनामा नोंदला जाई. एखाद्या सावकाराने वाजवी तडजोडही नाकारली, तर मंडळ कर्जदारास तसा दाखला देई. मग त्या सावकाराने दिवाणी दावा लावला तरी त्यास दाव्याचा खर्च मिळत नसे व व्याजावरही मर्यादा पडे. म्हणजे सावकाराचा हक्क हिरावला नाही, कर्जदाराचे देणे माफ केले नाही. फक्त दोघांस एका बाकावर बसवून, खरे देणे किती व देण्याची ताकद किती, हा हिशेब चार लोकांदेखत करविला.

आमच्या घरी आजोबांची एक पत्र्याची पेटी आहे. तीत अशाच एका तडजोडनाम्याची नक्कल आम्हांस सापडली. शाई फिकी झाली आहे, पण अक्षर वळणदार आहे, कोणा कारकुनाचेच. अकराशे चाळीस रुपयांचे येणे सातशेवर ठरले व त्याचे दहा हप्ते पडले. हप्ता सत्तर रुपयांचा. त्याखाली आजोबांचा अंगठा आहे. हा अंगठा पाहून आम्हांस नेहमी वाटते, की त्यांना वाचता आले असते तर अकराशे चाळीसचा आकडा मुळात झालाच नसता. कारण त्याच पेटीत सावकाराच्या चिठ्ठ्याही आहेत, आणि त्यांतील दोन फेडी तडजोडीच्या वेळी प्रथमच जमेस धरल्या गेल्या असे त्या नकलेतच लिहिले आहे. पाच-सहा वर्षे त्या फेडी हिशेबाबाहेर राहिल्या होत्या. मंडळापुढे चिठ्ठ्या कोणीतरी वाचल्या म्हणून त्या निघाल्या. कर्ज लवाद आणि शाळेसाठी वाढविलेला कर, या दोन गोष्टी एकाच माणसाने का हाती घेतल्या, हे आम्हांस व्याख्यानांतून कधी उमगले नव्हते. ते या पेटीपाशी बसून उमगले.

तथापि या कायद्याची दुसरी बाजूही त्याच पेटीत आहे. तडजोड झाल्यानंतर सावकाराने आजोबांस दारात उभे केले नाही. पेरणीला बी पाहिजे, बैलाला पेंड पाहिजे, पैसा नाही. सहकारी पेढी स्वतःच बुडत चाललेली. शेवटी आजोबांनी एक बैल विकला, व दोन हंगाम शेजाऱ्याशी सावड करून वावर वाहिले. आमची आजी हे सांगताना मंडळाचे कधी कौतुक करीत नसे. ती म्हणे, कर्ज निघाले पण बैलही निघाला. जुने देणे कमी करावयाचे आणि नवे कर्ज देणारी सोय उभी करावयाची नाही, हा या कायद्याचा मोठा दोष होता, आणि तो पुष्कळ घरांनी अनुभवला. १९३९ साली कर्जनिवारणाचा नवा कायदा होऊन मंडळांच्या जागी कर्जनिवारण न्यायालये आली. पंजाबराव तेव्हा मंत्री नव्हते. १९३३ सालीच त्यांनी ते पद सोडले होते. तीन वर्षांत पुढची पायरी बांधून होणे शक्य नव्हते असे म्हणता येईल. तरी पायरी राहिली ती राहिलीच, व ज्यांनी मधल्या काळात बैल विकले त्यांस या समजुतीचा उपयोग नव्हता.

मंत्रिपदाच्या याच काळात, १९३२ साली, श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. तिच्या शाळा-कॉलेजांतून आपल्या भागातील किती मुले शिकली हे वाचक जाणतात. कदाचित हा अंक हाती धरणाऱ्यांपैकीच बरेच तेथे शिकले असतील. त्याविषयी विस्तार करीत नाही. एवढेच म्हणतो, की सरकारी तिजोरीची किल्ली आपल्या हाती नाही हे ज्याने मंत्री होऊन पाहिले, त्याने सरकारबाहेर लोकांची संस्था उभी करण्याची घाई केली, यात नवल नाही.

पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. पंजाबराव घटना समितीत गेले, १९५२ साली लोकसभेवर निवडून आले व पुढे दहा वर्षे केंद्र सरकारात मंत्री राहिले. शेती खाते त्यांनी सांभाळले. जपानी भातशेतीचा प्रसार, १९५५ साली भारत कृषक समाज, १९५९ अखेर दिल्लीस भरलेले जागतिक कृषिप्रदर्शन, ही त्या काळातील कामे. १० एप्रिल १९६५ रोजी ते वारले. १९६९ साली अकोल्यास निघालेल्या कृषि विद्यापीठास त्यांचे नाव आहे. दिल्लीत असताना वऱ्हाडच्या कोरडवाहू कापसासाठी त्यांच्याकडून आणखी व्हावयास पाहिजे होते, असे आमचे मत आहे. भाताच्या मानाने कापूस मागे राहिला. पण हा निराळा विषय आहे.

आता आमच्या मुख्य म्हणण्याकडे येतो. आमच्या नोकरीच्या काळात तीन मोठ्या कर्जमाफ्या झाल्या. २००८ ची केंद्राची, २०१७ ची राज्याची, व २०१९ च्या अखेरीस जाहीर झालेली राज्याचीच. २००८ च्या माफीत दोन हेक्टरांपर्यंतच्या खातेदारास पूर्ण माफी होती, त्यावरच्यास थोडी सवलत. ओलिताच्या मुलुखात दोन हेक्टरांचा मालक बरा म्हणावा लागेल; आपल्याकडे कोरडवाहू आठ एकरांचा धनी दोन वेळ जेमतेम जेवतो, तरी तो मोठा शेतकरी ठरला व बाहेर राहिला. २०१७ साली दीड लाखांपर्यंत, २०१९ साली दोन लाखांपर्यंत, अशा मर्यादा होत्या. नियमित फेड करणाऱ्यास काही प्रोत्साहनपर रकमा ठरल्या. आम्ही यांस वाईट म्हणत नाही. ज्याच्या गळ्याशी फास आला आहे त्याला दोर कापणारा सुरा कोणत्या कारखान्यात झाला हे विचारण्याची गरज नसते, आणि आपल्या अमरावती-यवतमाळ भागात हा फास म्हणजे बोलण्याची रीत नव्हे, हे सर्वजण जाणतात. २००८ साली एका गावी आम्ही याद्या वाचण्यास गेलो होतो. यादी संपल्यावर एक म्हातारा पुढे आला व म्हणाला, "साहेब, मी दरसाल भरले, माझे नाव नाही. पुढच्या सालापासून भरू का नको, ते सांगा." आम्ही त्यास उत्तर दिले नाही. कारकुनाने मत सांगू नये असा नियम आहे, त्या नियमाचा आम्ही त्या दिवशी आधार घेतला. उत्तर आम्हांस माहीत नव्हते, हे खरे कारण.

या सर्व माफ्यांत एक गोष्ट समान होती. कास्तकारास त्याचा हिशेब कोणी विचारला नाही. बँकेच्या वहीतील आकडा संगणकावर चढला, मर्यादेत बसला तर उतरला, नाही बसला तर राहिला. खाजगी सावकाराचे देणे किती, हातउसने किती, कृषि केंद्राची उधारी किती, सोयाबीन बुडाले ते कोणत्या साली, मुलीचे लग्न केव्हा झाले, हे कोणत्याही रकान्यात नव्हते. २०१५ साली परवानाधारक सावकारांच्या कर्जासाठी एक योजना निघाली. पण परवाना नसलेल्याचे कर्ज त्याहून जड असते, आणि ते कागदावर नसतेच. त्यासाठी २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. अवैध सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. हे किती वाचकांस माहीत आहे? आमच्या मेजापुढे जे येत त्यांतील बहुतेकांस माहीत नव्हते, व सांगितले तरी अर्ज करावयास ते धजत नसत, कारण पुढच्या पेरणीला पुन्हा त्याच दारी जावयाचे होते. आजोबांचा बैल येथे आम्हांस पुन्हा आठवतो.

यासाठी आम्हांस वाटते, की पंजाबरावांच्या नावाने मते मागण्यास जो कोणी येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्यास दिल्लीचे प्रदर्शन व शिवाजी संस्था यांविषयी बोलू द्यावे, व नंतर दोन साधे प्रश्न विचारावे. तुम्ही आमच्याकडून काय घेणार आहात, व ते कशासाठी खर्चणार आहात? आणि आमच्या कर्जाचा पुरता हिशेब, सावकारासकट व उधारीसकट, एका बाकावर बसून ऐकण्याची सोय तुम्ही तालुक्यास करणार काय, व हिशेब मिटल्यावर पेरणीस पैसा कोठून येणार ते सांगणार काय? पहिला प्रश्न ऐकून पुष्कळजण चमकतील. देण्याविषयी बोलण्याची त्यांस सवय आहे, घेण्याविषयी नाही. १९२८ साली ज्याच्या हाती केवळ जिल्हा कौन्सिल होते त्याने घेण्याविषयी बोलून दाखविले होते, हे त्यांच्या कानी घालावे.

आणि दोष त्यांचाच आहे असेही नाही. आम्हीही, म्हणजे आपण खातेदार मंडळीही, उमेदवारास माफीचा आकडा विचारतो, शाळेतील रिकाम्या मास्तराच्या जागेविषयी विचारीत नाही. आपल्या गावच्या मराठी शाळेत पट किती उरला आहे हे आपणांपैकी कितीजण सांगू शकतील? आम्ही स्वतः अशाच मराठी शाळेत शिकलो, आमचे शिक्षण तेवढेच. पण आमच्या मुलांस आम्ही तेथे घातले नाही. हे लिहिताना लाज वाटते, परंतु लिहिणे बरे.

या कामी बोलून थांबू नये म्हणून आम्ही आपल्या मंडळाच्या चिटणीसांच्या संमतीने एक छापील तक्ता तयार केला आहे. त्यात सात रकाने आहेत: कर्ज कोणाचे, कोणत्या साली घेतले, कशासाठी, मुद्दल, आजवर दिलेले, हल्लीचे येणे, व गहाण काय आहे. नाव व गट नंबर लिहिण्याची आवश्यकता नाही. गावाचे नाव पुरे. तक्ते मंडळाच्या कचेरीत मिळतात. ज्यांस स्वतः भरणे अवघड जाईल त्यांच्यासाठी आम्ही बाजाराच्या दिवशी दुपारी दोन ते पाच कचेरीत बसत जाऊ. येताना बँकेचा व सोसायटीचा उतारा आणावा, आणि सावकाराच्या किंवा दुकानदाराच्या चिठ्ठ्या असतील तर त्याही आणाव्या, कितीही जुन्या असोत. तक्ते पुरेसे जमले म्हणजे गावनिहाय बेरजा याच मासिकात छापू, व पुढील निवडणुकीत जे उमेदवार चांदूरास येतील त्यांच्या हाती त्याची एकेक प्रत देऊ.